महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेची वाटचाल आणि वऱ्हाड (१९६१ ते २०२५) : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : महाराष्ट्र केसरी, कुस्तीगीर परिषद, तालीम, राजाश्रय, वऱ्हाड, वाशिम जिल्हा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करताना राजकीय चळवळी, सहकार, शिक्षण व साहित्य या क्षेत्रांकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष गेले, तेवढे खेळांकडे गेले नाही. वास्तविक पाहता गावची यात्रा, यात्रेतील आखाडा आणि आखाड्याभोवती जमणारा समाज यांतून ग्रामीण महाराष्ट्राची मानसिकता ज्या स्पष्टपणे दिसते, तशी ती अन्यत्र क्वचितच दिसते. कुस्ती हा या दृष्टीने केवळ क्रीडाप्रकार नसून एक सामाजिक संस्था आहे. या संस्थेचा राज्यपातळीवरील सर्वोच्च आविष्कार म्हणजे 'महाराष्ट्र केसरी' ही स्पर्धा होय. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेने सहा दशकांहून अधिक काळ पार केला आहे.

या स्पर्धेविषयी जे लेखन उपलब्ध आहे ते बहुतांशी विजेत्यांची नामावली आणि गौरव या स्वरूपाचे आहे. प्रस्तुत लेखाचा दृष्टिकोन काहीसा वेगळा आहे. ही स्पर्धा राज्यभर फिरली. ती अमरावतीत झाली, खामगावात झाली, अकोल्यातही झाली. तथापि स्पर्धेबरोबर तालीम या भागात आली काय, हा प्रश्न वाशिमसारख्या जिल्ह्यातून पाहणाऱ्या अभ्यासकाला टाळता येत नाही. त्याचबरोबर गेल्या काही वर्षांत एकाच किताबाच्या दोन स्पर्धा भरू लागल्याने किताबाच्या अधिकृततेचाच प्रश्न निर्माण झाला आहे. हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या उगमाची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) स्पर्धेच्या स्थळांचा व विजेत्यांचा प्रादेशिक संबंध तपासणे.
३) नियम, बक्षिसे व संघटना यांत झालेल्या बदलांचा किताबाच्या प्रतिष्ठेवर झालेला परिणाम पाहणे.
४) या वाटचालीत वऱ्हाडाचे, विशेषतः वाशिम परिसराचे, स्थान निश्चित करणे.

अभ्यास पद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. वऱ्हाड या संज्ञेत येथे प्रामुख्याने अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ या पाच जिल्ह्यांचा समावेश केला आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळात अकोल्याच्या इतिहासातच वाशिमचा इतिहास अंतर्भूत आहे.

१. राजाश्रयाचा काळ

आधुनिक महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास राजर्षी शाहू महाराजांच्या उल्लेखाशिवाय सुरू होऊ शकत नाही. १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत महाराजांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला, त्यामुळे कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी बनली. १९०२ च्या युरोप प्रवासात रोम येथील प्राचीन रंगमंडल त्यांच्या पाहण्यात आले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले गेले. १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे. त्यामुळे शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही कुस्ती स्पष्ट दिसत असे.

राजाश्रय म्हणजे केवळ बक्षीस नव्हे. पैलवानाच्या खुराकाची सोय, तालमीची इमारत, वस्तादाचा मान आणि वर्षभर होणारी मैदाने या सर्वांची मिळून एक व्यवस्था तयार होते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी या व्यवस्थेतूनच नावारूपाला आल्या. संस्थाने विलीन झाल्यानंतर हा आश्रय संपुष्टात आला, पण व्यवस्था पूर्णपणे मोडली नाही. दक्षिण महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांनी तिचा भार काही अंशी उचलला. मल्लांना मानधन देणे, कारखान्याच्या परिसरात मैदाने भरविणे ही कामे कारखान्यांनी केली. वारणानगरचे कुस्ती मैदान हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

वऱ्हाडाची परिस्थिती याहून भिन्न होती. येथे संस्थानिक नव्हते. निजामाच्या नाममात्र मालकीचा आणि इंग्रजांच्या प्रत्यक्ष कारभाराचा हा प्रदेश होता. येथील शारीरिक शिक्षणाची परंपरा राजवाड्यातून नव्हे, तर सार्वजनिक संस्थांतून आली. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे तिचे केंद्र होय. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. मात्र मंडळाचा भर सर्वांगीण व्यायाम आणि शारीरिक शिक्षक घडविण्यावर होता. कुस्तीचा एकेक मल्ल वर्षानुवर्षे पोसणारी तालीम आणि शेकडो विद्यार्थ्यांना व्यायाम शिकविणारी संस्था यांतील हा भेद पुढील इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे.

२. परिषदेची स्थापना आणि किताबाचा उगम

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी करावी लागली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. राजाश्रय गेला होता आणि नव्या राज्यव्यवस्थेचा आश्रय अजून उभा राहिला नव्हता, हेच त्यातून दिसून येते.

या पार्श्वभूमीवर १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्राची निर्मिती झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा तत्कालीन औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे पार पडली. सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. १९६२ मध्ये धुळे येथे कोल्हापूरचे भगवान मोरे विजयी झाले.

राज्यनिर्मिती आणि किताबनिर्मिती यांतील हे एका वर्षाचे अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण व देश हे निरनिराळ्या प्रशासकीय वारशांचे प्रदेश नुकतेच एकत्र आले होते. अशा वेळी 'महाराष्ट्र' हे नाव धारण करणारा एक मल्ल दरवर्षी निवडला जाणे याला भावनिक ऐक्याचा अर्थ होता. यात्रेतील इनामी कुस्तीत जिंकणारा पैलवान गावाचा किंवा तालमीचा असे. महाराष्ट्र केसरी मात्र राज्याचा झाला.

३. स्थळांचा प्रवास

स्पर्धेच्या पहिल्या दशकातील स्थळांची यादी पाहिली असता एक विलक्षण गोष्ट आढळते. औरंगाबाद, धुळे, अमरावती (१९६४), नाशिक (१९६५), खामगाव (१९६७), अहमदनगर (१९६८), लातूर (१९६९) असा स्पर्धेचा मार्ग आहे. कुस्तीची पंढरी असलेल्या कोल्हापुरात ही स्पर्धा १९७२ मध्ये गेली. याचा अर्थ, संयोजकांनी सुरुवातीची वर्षे कुस्तीच्या बालेकिल्ल्याबाहेर घालविली. नव्या राज्याच्या सर्व विभागांत किताब पोहोचला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे असावी, असे या क्रमावरून अनुमान काढता येते.

वऱ्हाडाला या दृष्टीचा लाभ झाला. अमरावती व खामगावनंतर १९७३ मध्ये अकोला येथे स्पर्धा झाली. त्या वेळी वाशिम हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असल्याने ही स्पर्धा आपल्याच जिल्ह्यात भरली होती, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे २००० मध्ये पुन्हा खामगाव आणि २००३ मध्ये यवतमाळ येथे स्पर्धा झाली. व्यापक विदर्भाचा विचार करता चंद्रपूर (१९७५), नागपूर (१९८१ व २०१५) आणि गोंदिया (२०१२) यांचीही नावे घ्यावी लागतील. तेव्हा यजमानपदाच्या बाबतीत विदर्भावर अन्याय झाला, असे म्हणता येणार नाही.

आता याच स्पर्धांचे निकाल पाहू. अमरावतीत गणपत खेडकर, खामगावात चंबा मुतनाळ, अकोल्यात लक्ष्मण वडार आणि २००० मध्ये खामगावात विनोद चौगुले विजयी झाले. हे चारही मल्ल पश्चिम व दक्षिण महाराष्ट्राच्या कुस्ती परंपरेत घडलेले होते. विनोद हे दादू चौगुले यांचे पुत्र. दादूंनी १९७० व १९७१ असा सलग दोनदा हा किताब मिळविला होता. एकाच घरात पिता व पुत्र महाराष्ट्र केसरी होतात, यावरून तालमीच्या परंपरेचे सातत्य किती निर्णायक असते हे कळून येते. वऱ्हाडाने मैदान दिले, प्रेक्षक दिले, पाहुणचार केला. गदा मात्र गाडीत बसून परत गेली.

याला दुसरी बाजूही आहे. खामगावच्या २००० मधील विजयानंतर खुद्द कोल्हापूरलाही या किताबासाठी दोन दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे पृथ्वीराज पाटील यांनी तो कोल्हापूरला परत मिळवून दिला. दरम्यानच्या काळात मुंबईचे नरसिंग यादव (२०११, २०१२, २०१३) आणि जळगाव जिल्ह्यातील विजय चौधरी (२०१४, २०१५, २०१६) यांनी प्रत्येकी सलग तीन वेळा किताब मिळविला. अर्थात कुस्तीचा भूगोल अपरिवर्तनीय नाही. जेथे सराव, खुराक व मार्गदर्शन यांची जोड जमते, तेथे किताब जाऊ शकतो.

४. बुलढाण्याचा किताब : एक चिकित्सा

या संदर्भात डिसेंबर २०१८ मधील जालना येथील स्पर्धेचा विचार आवश्यक आहे. या स्पर्धेत बुलढाण्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या बाला रफिक शेख यांनी आदल्या वर्षीचे विजेते अभिजित कटके यांचा ११-३ अशा गुणांनी पराभव केला आणि बुलढाण्याच्या नावापुढे प्रथमच महाराष्ट्र केसरी किताब लागला. वऱ्हाडात त्याचे स्वागत झाले, हे स्वाभाविकच होते.

परंतु बाला रफिक हे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे. त्यांची जडणघडण कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत, हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. आंदळकर वस्तादांचे निधन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाले होते. मल्लाने दुसऱ्या जिल्ह्याकडून खेळणे नियमबाह्य नाही व त्यात कमीपणाही नाही. त्यांच्या कर्तृत्वाचे मोलही त्यामुळे उणावत नाही. प्रश्न मल्लाचा नाही, जिल्ह्याचा आहे. बुलढाण्याच्या नावावर लागलेला किताब हा बुलढाण्याच्या हौद्यात घडलेला किताब नव्हता. नोंदवहीतील प्रादेशिक समतोल आणि प्रत्यक्षातील प्रादेशिक समतोल यांतील अंतर या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

५. मातीतून गादीकडे : नियम व वजनगट

पारंपरिक कुस्तीत निकालाचा अर्थ एकच असे, तो म्हणजे चितपट. दोन्ही खांदे मातीला लागले की निकाल लागला. न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडविली जाई. आंतरराष्ट्रीय नियमांच्या प्रभावाने वेळेचे बंधन व गुणपद्धती आली. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताब्याचे गुण, मैदानाबाहेर ढकलल्याचा गुण अशी मोजदाद सुरू झाली. महाराष्ट्र केसरी स्पर्धेने या दोन जगांत एक तडजोड साधली. माती व गादी असे दोन विभाग ठेवून प्रत्येकातील विजेते अंतिम फेरीत गादीवर समोरासमोर येतात. हळद, तेल, ताक घालून मळलेली लाल माती आणि कृत्रिम गादी यांना एकाच स्पर्धेत स्थान देणारी ही रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. मात्र अंतिम शब्द गादीचा असल्याने, ज्या जिल्ह्यांत गादीची सोय नाही तेथील मल्ल आरंभीच मागे पडतो.

दुसरा मुद्दा वजनाचा आहे. राज्य अधिवेशनात सर्व वजनगटांच्या कुस्त्या होत असल्या, तरी महाराष्ट्र केसरी हा किताब ८६ ते १२५ किलो या वजनदार गटापुरता मर्यादित आहे. येथे एक विसंगती आढळते. खाशाबा जाधवांचे ऑलिम्पिक पदक ५७ किलो गटातील. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे बीड जिल्ह्यातील राहुल आवारे हेही ५७ किलो गटातीलच. महाराष्ट्राला जगाच्या व्यासपीठावर नेणारे हे मल्ल आजच्या वजनमर्यादेनुसार आपल्याच राज्याच्या सर्वोच्च किताबासाठी उभे राहू शकत नाहीत. सोयाबीन व कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला १२० किलोचे शरीर पोसणे जवळपास अशक्य असते. हलक्या गटात मात्र त्याला संधी आहे. तेव्हा प्रतिष्ठेची सर्व वाटणी वजनदार गटाकडे होणे, ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. तिला आर्थिक व प्रादेशिक बाजू आहे.

मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व सांगलीच्या प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. किताबाच्या इतिहासात स्त्रियांना स्थान मिळावयास बासष्ट वर्षे लागली, याची नोंद येथे करणे अगत्याचे आहे.

६. गदा, बक्षीस आणि दुभंगलेला किताब

या स्पर्धेची खरी खूण म्हणजे चांदीची गदा. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीयांकडून ती दिली जाते. रोख रकमेचे आकर्षण पूर्वीही होते, परंतु गदेचे मोल पैशात केले जात नव्हते. अलीकडे बक्षिसांचे स्वरूप पालटले आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील कोथरूड येथे झालेल्या स्पर्धेत विजेत्या शिवराज राक्षे यांना थार मोटार व ५ लाख रुपये, तर उपविजेत्या महेंद्र गायकवाड यांना ट्रॅक्टर व अडीच लाख रुपये देण्यात आले. पैलवानाच्या आर्थिक स्थैर्याच्या दृष्टीने याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र बक्षीस जितके मोठे, तितका निकालावरचा ताणही मोठा, हेही अनुभवास आले.

याच सुमारास संघटनात्मक फूट पडली. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने जुन्या राज्य कुस्तीगीर परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली. त्यानंतर वर्ध्याचे तत्कालीन खासदार व स्वतः जुने मल्ल असलेले रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली राज्य कुस्तीगीर संघ पुढे आला. याचा परिणाम नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसला. त्या एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. पुण्याजवळील फुलगाव येथे सिकंदर शेख यांनी अंतिम फेरीत शिवराज राक्षे यांना अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत धाराशिव येथील दुसऱ्या स्पर्धेत तेच राक्षे हर्षवर्धन सदगीर यांना हरवून महाराष्ट्र केसरी झाले. एका वर्षाचे दोन केसरी आणि त्यांतील एक दुसऱ्याकडून नुकताच पराभूत झालेला, अशी ही स्थिती होती. यात दोष मल्लांचा नव्हता. त्यांनी समोर आलेली कुस्ती केली.

२०२५ मध्ये हीच पुनरावृत्ती झाली. फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरले. या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद होऊन दोन नामांकित मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे दुसरी स्पर्धा झाली आणि सोलापूरचे वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाले.

स्पर्धेच्या पूर्वेतिहासात काही वर्षी स्पर्धा झाली नाही, काही वर्षी अंतिम निकाल लागला नाही. त्या वर्षांच्या नोंदीपुढे विजेत्याची जागा रिकामी आहे. ही रिकामी जागा एका अर्थी प्रामाणिक होती. निकाल सर्वमान्य नसेल तर किताब कोणालाच नाही, असा तिचा अर्थ होता. आजच्या नोंदीत जागा रिकामी राहत नाही. उलट एका जागेवर दोन नावे येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला रिकाम्या जागेपेक्षा हीच गोष्ट अधिक चिंताजनक वाटते.

७. वाशिमच्या दृष्टिकोनातून

वाशिम हा २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट केलेला जिल्हा आहे. वऱ्हाडातील यात्रांत कुस्त्यांच्या आम दंगली भरविण्याची प्रथा आहे. नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत जोडी लागतात. हलगी वाजते, फेटे उडतात. परंतु दंगल एका दिवसाची असते आणि तालीम वर्षाची. दंगलीत चमकलेला पोर दुसऱ्या दिवशी शेतात जातो. पुढे जावयाचे तर त्याला कोल्हापूर किंवा पुण्याची वाट धरावी लागते. हा खर्च सर्वांनाच पेलणारा नसतो.

अशा मुलाच्या दृष्टीने किताब एकच असणे आणि त्याची निवडपद्धती स्पष्ट असणे अत्यंत आवश्यक आहे. कोणत्या संघटनेच्या जिल्हा निवड चाचणीला जावे, कोणते प्रमाणपत्र नोकरीत ग्राह्य धरले जाईल, याची उत्तरे मोठ्या तालमीतील मल्लाला त्याचे वस्ताद देतात. वस्ताद नसलेल्या जिल्ह्यातील मुलाला ती कोणी देत नाही. म्हणून संघटनेतील दुफळीची सर्वाधिक किंमत कुस्तीच्या बालेकिल्ल्याला नव्हे, तर तिच्या सीमेवरील जिल्ह्यांना मोजावी लागते.

निष्कर्ष

१) महाराष्ट्र केसरी स्पर्धा राज्यनिर्मितीपाठोपाठ सुरू झाली आणि आरंभीच्या दशकात तिने हेतुतः वाटावा अशा रीतीने राज्याचे विविध विभाग जोडले.
२) वऱ्हाडाला यजमानपद वेळोवेळी मिळाले, परंतु त्यातून स्थायी तालमींची व्यवस्था उभी राहिली नाही. राजाश्रय व पुढे सहकाराचा आश्रय यांचा अभाव हे त्याचे प्रमुख कारण दिसते.
३) किताब वजनदार गटापुरता मर्यादित असल्याने अल्प साधनांच्या प्रदेशातील मल्लांची संधी आकुंचित होते. हलक्या गटांतील विजेत्यांनाही तोलामोलाची प्रतिष्ठा मिळणे आवश्यक आहे.
४) किताबाचे मोल बक्षिसाच्या रकमेत नसून निकालाच्या सर्वमान्यतेत आहे. २०२३ व २०२५ मधील दुहेरी स्पर्धांनी या सर्वमान्यतेलाच धक्का दिला आहे.
५) एक किताब, एक निवडपद्धती आणि प्रत्येक जिल्ह्यात गादी व मातीची किमान एक सुसज्ज तालीम, या तीन गोष्टी एकत्र झाल्याशिवाय या स्पर्धेच्या नावातील 'महाराष्ट्र' हा शब्द पूर्णार्थाने सार्थ होणार नाही.

१९६१ मध्ये ज्यांनी हा किताब कोल्हापूरऐवजी मराठवाड्याच्या मातीत प्रथम नेला, त्यांना राज्याची व्याप्ती ठाऊक होती. मैदान नेणे तेव्हा शक्य झाले. तालीम नेण्याचे काम शिल्लक राहिले. ते काम ज्या दिवशी पूर्ण होईल, त्या दिवशी रिसोड, मानोरा किंवा मंगरूळपीरच्या एखाद्या मुलाला कुस्ती शिकण्यासाठी घर सोडावे लागणार नाही.